भारती हलली नव्हती

सेतुरावांना राग आला की ते ओरडत नसत. आधी उजवी भुवई वर जाई, मग चष्मा उतरे, शर्टाच्या टोकाने पुसला जाई आणि मग तोंडातून निघे, "ठीक आहे." हे "ठीक आहे" कानावर पडलं की त्यांची बायको हिराबाई स्वयंपाकघरातून विचारायची, "अय्यो, आज कुणाशी बिनसलं?" पण शहाण्णव साली तंजावरात ते स्कॅनचं मशीन आलं आणि या माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा "ठीक आहे" यायला लागलं. शेवटी हिराबाईने विचारणंच सोडून दिलं.

त्याआधीची अठ्ठावीस वर्षं सेतुरावांनी सरकारी दवाखान्यात एक्सरे काढले. गावात त्यांना एक्सरे राव म्हणत. आमच्या तंजावरात मराठी राव म्हणजे पैशाला पासरी. कुणी पोस्ट राव, कुणी वकील राव, तसे हे एक्सरे राव. त्यांच्याजवळ एक लाकडी माप असे. फणसाच्या लाकडाची पट्टी आणि तिच्यावर सरकणारे दोन हात. वीणा करणाऱ्या एका सुताराने उरल्यासुरल्या तुकड्यातून करून दिलेलं. ते रोग्याच्या छातीला लावायचं, छाती किती जाड भरते ते बघायचं आणि मग किरणांचा जोर ठरवायचा. पोतं उचलणारा गडी असला तर एवढा, बाळंतीण असली तर एवढा आणि लेकरू असलं तर अगदी बेताचा. हाताखाली शिकायला येणाऱ्यांना ते म्हणायचे, "पोराला बापाचा सदरा घालतां काय? मग किरण कां बापाचे देतां?"

हे वेड त्यांना लागलं मद्रासला शिकत असताना. त्यांच्या मास्तरांची दोन बोटं किरणांनी खाल्लेली होती. मास्तर त्या थोट्या बोटांनी खडू धरून सांगायचे, की वाढत्या अंगाला किरण जास्त बाधतो. आज बाधलेलं आज दिसत नाही, उद्या दिसत नाही. कुणाला कधीच दिसत नाही, कुणाला वीस वर्षांनी दिसतं, आणि पोरासमोर तर उभं आयुष्य पडलेलं असतं. म्हणून लागेल तेवढाच द्यायचा, वर चिमूटभर नाही. सेतुरावांनी ते पक्कं गाठीला बांधलं.

आणि तेव्हा फिल्मही त्यांच्या बाजूने होती. जोर जास्त झाला की फिल्म काळीठिक्कर, कमी झाला की पांढरीफटक. डार्करूममध्ये ट्रेमधून वर काढली की तिथल्या तिथे कळायचं, राव, आज चुकलात. रोगी बिचारा बाहेर बाकावर बसलेला असे आणि आत राव मुकाट्याने फिल्मची बोलणी खात असायचे. अठ्ठावीस वर्षं असा हिशेबी माणूस तयार झाला आणि मग आलं हे नवं युग.

नवं युग आणलं डॉक्टर हरिप्रसादने. हा दोन गल्ल्या पलीकडचा, आपल्यातलाच मुलगा. आठ वर्षांचा असताना पेरूच्या झाडावरून पडून कोपर मोडून घेतलं होतं, तेव्हा त्याचा एक्सरे सेतुरावांनीच काढला होता. पुढे तो हाडांचा डॉक्टर झाला. जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने गावातले रस्ते रुंद झाले, चौकाचौकात एसटीडीचे बूथ आले, घराघरांत केबल आली. पूर्वी परदेशी मशीन म्हटलं की दिल्लीपर्यंत चपला झिजवाव्या लागत, आता बँकवाले घरी येऊन विचारायला लागले. हरिप्रसादने परदेशात कुणीतरी वापरून सोडलेलं एक स्कॅन मशीन उचललं, नव्या बस स्टँडाच्या रस्त्यावर काचेचं दार असलेलं सेंटर थाटलं आणि सरळ सेतुरावांच्या घरी आला.

"मामा, सरकारी नोकरीत काय ठेवलंय आतां? या माझ्याकडे. या गावात तुमच्याहून चांगला हात कुणाचा आहे?"

स्तुती कुणाला नको असते? सेतुरावांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. जाताना दवाखान्यातून आपलं लाकडी माप तेवढं घेतलं आणि सेंटरच्या खोलीत खिळ्याला टांगलं. दुसऱ्याच दिवशी त्या खिळ्यावर कुणीतरी छत्री अडकवली.

चेन्नईहून आलेल्या इंजिनियर पोराने पंधरा दिवस शिकवलं. मशीनला बटणं ठरलेली. डोक्याचं एक, छातीचं एक, पोटाचं एक. सेतुरावांनी विचारलं, "लहान पोराचं डोकं असलं तर?"

"डोकं म्हणजे डोकं, सार," तो म्हणाला.

घ्या! साठ वर्षांच्या भाताच्या व्यापाऱ्याचं डोकं आणि सहा महिन्यांच्या तान्ह्याचं डोकं, दोन्ही एकाच भावात. सेतुरावांची भुवई तेव्हाच वर गेली. पण खरा संताप पुढेच होता. हे मशीन फिल्मसारखं बोलतच नसे. किरण गरजेच्या चौपट घाला, चित्र काळं पडत नाही. उलट जास्त सुंदर येतं! डॉक्टर खूष, रोगी खूष, नातेवाईक फिल्म उजेडाला धरून म्हणणार, काय स्वच्छ आलंय हो! चूक केली की शाबासकी मिळते असं यंत्र या माणसाने जन्मात पाहिलं नव्हतं.

ते हरिप्रसादकडे गेले. "हरी, पोरांसाठी जोर कमी करायला पाहिजे. चित्राला थोडे दाणे येतील, पण दिसायचं ते दिसेल."

"मामा, कंपनीने लावून दिलंय ते कंपनीला कळतं."

"कंपनीने कुंभकोणमचं पोर बघितलंय कां? त्यांच्या माणसाने बटणाला नाव दिलं डोकं, आणि गेला."

"आणि चित्रात काही सुटलं तर? पेशंट कोर्टात मला ओढेल, तुम्हाला नाही. दाणेदार चित्र पाठवलं तर डॉक्टर लोक म्हणतील, तंजावरचं मशीन जुनाट आहे, त्रिचीला जा." मग जरा मऊ होऊन तो म्हणाला, "तुम्ही एक्सरेच्या जमान्यातले. डोकं शिणवू नका."

"ठीक आहे," सेतुराव म्हणाले.

इकडे गावाला तर स्कॅनचं खूळच लागलं. पूर्वी पोर पडलं तर आई हळद लावायची आणि रात्रभर उशाशी बसायची. आता पोर बाकावरून पडलं, चला स्कॅनला. परीक्षेत नापास झालं, डोक्यात काही आहे का बघा. ओरत्तनाडूहून बस करून माणसं यायची, जावयाला सांगायची, आम्ही स्कॅन काढला! ज्याला खरंच गरज आहे त्याला स्कॅन हवाच, त्याबद्दल सेतुरावांचं काही म्हणणं नव्हतं. मेंदूत रक्त साकळलेलं एक कॉलेजातलं पोरगं या मशीनने वाचवलेलं त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की विचारून काढा, आणि मापाने काढा.

आपल्यापरीने त्यांनी एक उद्योग सुरू केला. लेकरू आलं की आईला वजन विचारायचं. या मुलखात आयांना वजन तोंडपाठ असतं, कारण नवस फेडायला देवळातल्या तराजूत एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात गूळ घालून तोललेलं असतं. "चौदा किलो गूळ लागला," अशी उत्तरं यायची. सेतुराव फॉर्मच्या कोपऱ्यात चौदा लिहायचे. आठ दिवसांनी हरिप्रसादने विचारलं, "हे आकडे कसले? फॉर्मवर वजनाचा रकानाच नाही."

देवाला वजन लागतं, गुळाच्या दुकानदाराला लागतं, पण मशीनला लागत नाही! सेतुरावांनी त्या दिवशी चष्मा इतका पुसला की काच निघून हातात आली.

त्यांची एकुलती मुलगी वसुमती गावातच दिलेली. जावई कार्तिक विमा कंपनीत, कामसू, सरळ माणूस, फक्त कागदावर शिक्का दिसल्याशिवाय त्याला काही पटत नसे. त्यांची मुलगी भारती, सहा वर्षांची. आजोबांना ती शेजारच्या तमिळ पोरांसारखं ‘ताता’ म्हणे. घरात मराठी सगळी समजायची, बोलायची मात्र मनात येईल तेव्हा, आणि तेव्हा मग थांबायची नाही. सेतुरावांचा जीव की प्राण.

एका शुक्रवारी ही भारती घरातल्या मोठ्या झोपाळ्यावर उभी राहून झोके घेताना पाठीवर पडली. डोकं फरशीवर आपटलं. दोनदा ओकारी झाली आणि पोर झोपाळू व्हायला लागली. कार्तिक तिला उचलून रिक्षाने थेट सेंटरवर आला. या वेळी वाद घालायला जागाच नव्हती. डोक्याला मार, ओकारी, गुंगी. स्कॅन हवाच होता, सेतुरावांनीही तोच सांगितला असता.

त्यांनी तिला टेबलावर निजवलं, कपाळावर पट्टा लावला. "भारती, दगड हो बघू. ताता म्हणेपर्यंत हलायचं नाही."

"नाक खाजलं तर?"

"तरी नाही."

ते काचेमागे आले. खोलीत एकटेच होते. समोर डोक्याचं बटण आणि पडद्यावर जोराचा आकडा, तीनशे. तो आकडा खाली कसा आणायचा ते इंजिनियरने मशीन तापवायला शिकवताना एकदा दाखवलं होतं, आणि बजावलं होतं की पेशंट असताना हात लावायचा नाही. सेतुरावांनी आजवर लावला नव्हता. पण काचेपलीकडे आज दुसऱ्या कुणाचं पोर नव्हतं. हरीला काय कळतंय, आपली नात आहे, आपण बघू, असं म्हणत त्यांनी आकडा खाली आणला. दोनशे केला. मग दीडशे. मग वाटलं, एवढंसं डोकं, याला कशाला एवढं? आणि मायेच्या भरात तो नेऊन ठेवला पंच्याहत्तरवर.

अठ्ठावीस वर्षं मापाशिवाय बटण न दाबणारा हा माणूस! आणि नेमकं ज्या दिवशी स्वतःचं लेकरू समोर आलं, त्या दिवशी माप खिळ्याला आणि अंदाज हाताशी. माया आंधळी म्हणतात ती काय उगाच?

भारती दगडासारखी पडून राहिली. तिच्या गालावर डास बसलेला सेतुरावांना काचेतून दिसला. पोरीने पापणीसुद्धा हलवली नाही.

चित्र आलं. पडद्यावर नुसता रवा सांडल्यासारखं. कवटी दिसत होती, पण आत रक्त आहे की नाही ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात दार उघडून हरिप्रसाद आत आला, मागोमाग कार्तिक.

"हे काय?" हरिप्रसाद म्हणाला. हाडांचा डॉक्टर तो, स्कॅनचे बारकावे त्याला तरी कुठे ठाऊक! "हलली वाटतं पोर."

सेतुरावांनी तोंड उघडलं. सांगायला पाहिजे होतं. पण जावई बाजूला उभा. बटणाला हात लावल्याची गोष्ट आता निघाली तर नोकरी जाईल, अब्रू जाईल, आणि पोरीचा वेळ जातोय तो वेगळाच. त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"असेल."

मग हरिप्रसाद स्वतः शेजारी उभा राहिला आणि पुन्हा काढायला लावलं. आकडा तीनशे. मशीन पुन्हा घरघरलं. या वेळी भारती रडत होती, पण चित्र आरशासारखं लख्ख आलं. डोक्यात काही नव्हतं. तिला एक रात्र ठेवून घेतलं, सकाळी पोर इडली मागायला लागली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सेतुरावांचा मात्र पडला नाही. ज्या पोरीला वाचवायला गेलो, तिलाच गावातल्या कुठल्याही पोराहून जास्त दिलं! एक वाया गेलेला आणि वर एक पुरा. दुसरं कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला उभा सोलला असता.

आणि बोलणी कुणाला बसली? भारतीला. कार्तिक म्हणाला, "दोन मिनिटं स्थिर राहवत नाही तुला?" वसुमती म्हणाली, "तुझ्यामुळे परत काढावं लागलं." हिराबाईने तर बोट नाचवून दम भरला, "परत असं करायचं नाही हं!"

"मी हलले नाही," भारती म्हणाली. "डास बसला तरी हलले नाही. ताताला विचारा."

सगळ्यांनी ताताकडे पाहिलं. ताता खिडकीतून बाहेर बघत होते. तेव्हापासून पोर त्यांच्या घरी आली की आजीच्या मागेमागे फिरायची आणि त्यांच्या खोलीत यायची नाही.

त्यानंतर हिराबाईच्या स्वयंपाकघरातले नारळ नाहीसे व्हायला लागले. "चटणीला ठेवलेला नारळ कुठे गेला?" म्हणून ती मोलकरणीला धारेवर धरायची. नारळ गेलेले असायचे सेंटरवर. सकाळी पहिला पेशंट यायच्या आत सेतुराव नारळ टेबलावर ठेवायचे आणि स्कॅन काढायचे. तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा नारळ. तीनशेवर, दोनशेवर, दीडशेवर, पंच्याहत्तरवर. दीडशेलाही करवंटी वेगळी, खोबरं वेगळं, पाणी वेगळं, सगळं व्यवस्थित दिसत होतं. पंच्याहत्तरला पुन्हा तोच रवा. म्हणजे तान्ह्याला निम्मा पुरत होता. भारतीएवढ्या पोरीला दोनशे भरपूर झाला असता आणि दुसऱ्यांदा काढायची वेळच आली नसती. घरच्या नारळाला हे आधी विचारलं असतं तर! या विचाराने त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

चार फिल्म घेऊन ते हरिप्रसादपुढे उभे राहिले. हरिप्रसादने आधी करवंटी पाहिली, मग सेतुरावांकडे पाहिलं.

"नारळ? माझ्या मशीनवर नारळ? मामा, त्यातली ट्यूब जळाली तर किती लाखांना पडते ठाऊक आहे?"

"ट्यूबची काळजी आहे. पोराची नाही?"

"कुठलं पोर मेलंय इथे? दाखवा एक!"

तिथेच तर सारं अडत होतं. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. कुणी रडत नव्हतं, कुणाची बोटं गळत नव्हती. वीस वर्षांनंतरची गोष्ट आज टेबलावर कुठून आणून ठेवायची? सेतुराव म्हणाले, "तुझं कोपर मोडलं होतं तेव्हा तुला मी मापाने दिला होता, हरी. मोठ्या माणसाचा दिला असता तर तुला कळलंसुद्धा नसतं. पण मी नाही दिला."

हरिप्रसादचा हात आपल्या कोपरावर गेला. मग फोन वाजला. "बघू," तो म्हणाला आणि फिल्म ड्रॉवरमध्ये सारल्या. आता मराठी माणसाचं ‘बघू’ म्हणजे काय ते काय सांगायला पाहिजे? तंजावरात तीनशे वर्षं राहून आम्ही पुष्कळ विसरलो, ‘बघू’ मात्र विसरलो नाही.

दोन महिन्यांनी भारतीचं डोकं दुखायला लागलं. शाळेतून आली की कपाळ धरून बसायची. सेतुरावांनी तिला बस स्टॉपवर नेलं होतं, तेव्हा समोर हातभर अक्षरांत पापनाशम लिहिलेली बस उभी असताना ती विचारत होती, "कुठली बस आहे ही?" पुस्तक तर नाकाला लावून वाचायची. त्यांनी वसुमतीला सांगितलं, "आधी डोळे तपासा. चष्मा लागलाय."

पण कार्तिकने हरिप्रसादला फोन करून स्कॅनची चिठ्ठीही मिळवली होती. "अप्पा, पहिल्या वेळी ती हलली. दुसऱ्या वेळी रडत होती. त्यात काही राहून गेलं असलं तर? आतां एकदा नीट काढू. घरचा माणूस मशीनवर असताना आपण नाही काढायचा तर कुणी?"

सेतुरावांचं ते एक ‘असेल’ दोन महिने घरात वाढत होतं आणि आता पोरीला तिसऱ्यांदा त्या टेबलावर नेत होतं.

"दुसरं चित्र चांगलं आहे, कार्तिक. त्यात सगळं दिसतं."

"तुम्हीच म्हणालात ना, हलली म्हणून?"

"चष्मा लागलाय तिला. माझं ऐका."

"आधी स्कॅन. मग चष्मा," कार्तिक म्हणाला. बाप होता तो. त्याचं तरी काय चुकलं?

शनिवारी सकाळी दहाला सगळे सेंटरवर हजर. भारती वसुमतीच्या पदराला धरून होती. बाकावर पापनाशमकडची एक बाई दोन वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन पाळीची वाट बघत बसली होती. हरिप्रसाद बाहेर आला आणि वाकून भारतीला म्हणाला, "या वेळी हलायचं नाही. हललीस तर परत काढावं लागेल."

भारतीने नुसतं सेतुरावांकडे पाहिलं, आणि त्या सहा वर्षांच्या पोरीची नजर त्यांना सोसवेना.

ते आत गेले, कपाटातून भारतीची दोन्ही पाकिटं काढली, बाहेरच्या उजेडाच्या पेटीवर दोन्ही फिल्म लावल्या आणि दिवा लावला.

"कार्तिक, इकडे या. वसू, तूही ये. हा कोपऱ्यातला बारीक आकडा वाचा."

कार्तिक वाकला. "पंच्याहत्तर. आणि यात तीनशे. म्हणजे?"

"म्हणजे ती हलली नव्हती," सेतुराव म्हणाले. "जोर मी कमी केला होता. विचारलं नाही, मापलं नाही, माझ्या मनाने केला. फार कमी केला म्हणून चित्र बिघडलं. हरी म्हणाला, हलली. मी म्हटलं, असेल. दुसरं चित्र पूर्ण आहे, त्यात काही राहिलेलं नाही. माझ्यामुळे तिला एकाच्या जागी दोन झाले. तिसरा मी होऊ देणार नाही."

वसुमतीने भारतीला जवळ ओढलं.

"दोन महिने," वसुमती म्हणाली. "दोन महिने अप्पा, आम्ही तिला बोलत होतो, आणि तुम्ही शेजारी बसून ऐकत होता."

"होय."

हरिप्रसादचा चेहरा लाल झाला. "माझ्या सेटिंगला हात लावलात? मला न सांगतां? त्या दिवशी आत रक्त असतं आणि आपण सोडून दिलं असतं तर?"

"चुकलो. तू म्हणशील ती शिक्षा. पण ड्रॉवरमधल्या नारळाच्या फिल्म काढ, हरी. आतां अंदाजाने सांगत नाही, तपासून सांगतोय. तान्ह्याला निम्मा पुरतो." ते वळले आणि बाकावरच्या बाईला तमिळमध्ये विचारलं, "अम्मा, वजन किती?"

"अकरा किलो, अय्या," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात गुळाने तोललंय."

"अकरा किलो, हरी."

हरिप्रसादने त्या पोराकडे पाहिलं. एकदा ड्रॉवरच्या दिशेनेही पाहिलं. सेतुरावांना वाटलं, आता म्हणेल. पण सगळ्यांसमोर खाली बघायचं कुणाला आवडतं? तो नुकत्याच कामाला ठेवलेल्या नव्या ऑपरेटरकडे वळला, "घे त्याला आत. नेहमीचंच." मग सेतुरावांना म्हणाला, "मामा, सोमवारपासून येऊ नका."

सेतुरावांची भुवई वर गेली नाही. त्यांनी खिळ्यावरची छत्री काढून बाजूला ठेवली, खालचं लाकडी माप काढून काखेत मारलं आणि ते काचेच्या दाराबाहेर पायरीवर येऊन उभे राहिले. मागून कार्तिक आला. रस्ता ओलांडून रिक्षा बघायला गेला. वसुमती त्याच्यामागे गेली आणि रिक्षावाल्याला डोळ्यांच्या दवाखान्याचा पत्ता सांगायला लागली. भारती तेवढी पायरीवर मागे राहिली.

आतून नव्या ऑपरेटरचा आवाज आला, "आडादे कण्णा, आडादे!" हलू नको राजा, हलू नको. मग मशीनची घरघर सुरू झाली.

"मी हलले नव्हते ना?" भारतीने विचारलं.

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग तेव्हांच कां नाही सांगितलंत?"

"भ्यालो गं."

भारतीने डोळे बारीक करून त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग आजीसारखं बोट वर केलं आणि म्हणाली, "परत असं करायचं नाही."

सेतुरावांनी चष्मा काढला. शर्टाचं टोक शोधलं. पण ते नेहमीचं ‘ठीक आहे’ काही त्यांच्या तोंडून निघेना.